चौथी टोपी

पिंपरखेडकर सरकारांची मोटार दीड महिना आमच्या गोठ्यात होती, आणि तो दीड महिना आमची म्हैस अंगणात होती. म्हशीनं ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि दूध निम्म्यावर आणलं. मी तक्रार केली नाही. पंचवटीत उपाध्यांची घरं पुष्कळ आहेत, पण जहागीरदाराची मोटार सांभाळायला मिळालेलं घर त्या साली एकच होतं. रामकुंडावर आंघोळीला जाणारे लोक वाट वाकडी करून आमच्या बोळातून जायचे. गोठ्याचं दार मी अर्धं उघडं ठेवत असे. मोटारीला वारा लागावा म्हणून.

साल तेहेतीस. सरकार पितृपक्षासाठी गयेला निघाले होते. पिंपरखेडहून नाशकापर्यंत ते मोटारीनं आले आणि नाशिक रोडहून पुढे आगगाडीनं गेले. सामानाला माणूस हवा म्हणून बुधा ड्रायव्हरलाही बरोबर नेलं. निघताना आमच्या ढुंढिराजाला म्हणाले, "गुरुजी, मोटार तुमच्या ओटीत घालून जातो. जशी आहे तशी परत मिळाली पाहिजे. दिवाळीच्या आत येतो, मग वही काढा. लेख लिहून देतो."

लेख म्हणजे काय ते उपाध्यांच्या घरात न वाढलेल्यांसाठी सांगते. यजमान तीर्थाला आला की आमच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहितो, मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, या क्षेत्री आमचे उपाध्ये हेच, आमच्या वंशजांनी यांनाच मानावं. एवढ्या चार ओळी पडल्या की त्या घराण्यातला माणूस पुढच्या चार पिढ्या दुसऱ्या उपाध्याच्या ओट्यावर चढत नाही. पिंपरखेडकरांचा जुना लेख माझ्या आजेसासऱ्यांच्या नावचा. त्यांना मुलगे दोन. एकाचं घर आमचं, दुसऱ्याचं बाळाजी भावजींचं, भिंतीला भिंत लागून. आमचे हे होते तोवर भावजी पिंपरखेडचं नाव काढत नसत. हे जाऊन बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं भावजी तो जुना लेख आपलाच म्हणत होते. आता नवा लेख ज्याच्या वहीत पडेल त्याचं पिंपरखेड.

बाळाजी भावजी वाईट माणूस नव्हते. दुसऱ्याच्या घरातलं वाईट त्यांना जरा लवकर दिसायचं, इतकंच. सकाळपासून ते अडकित्ता घेऊन ओट्यावर बसत. त्यांच्या ओट्यावरून आमचं दार, गोठा आणि चुलीतला धूर तिन्ही दिसतात. जागा त्यांनी बसून बसून शोधून काढली होती.

दसरा आला. दारात वाहन उभं असताना त्याची पूजा न करणं आमच्या घरात बसत नाही. ढुंढिराज म्हणाला, "आई, मोटार आपली नाही. जशी आहे तशी द्यायची आहे."

"पूजा केल्यानं तिला काय शिंगं फुटणार आहेत?"

"हात लावू नये म्हणतो."

"अरे, एवढा चिखल चाकांना. अशा पारोशा मोटारीला हळदकुंकू वाहणार तू? सरकार उद्या विचारतील, दसऱ्याला माझं वाहन तसंच ठेवलंत? मग काय सांगशील, शास्त्रात मोटार सांगितलेली नाही?"

शास्त्राचं नाव काढलं की ढुंढिराज गप्प बसतो. त्याला ते येतं, म्हणून.

चाकांच्या मध्यभागी पांढऱ्या धातूच्या गोल टोप्या असतात, ताकाच्या वाडग्याएवढ्या. त्यांच्यावर चिखल वाळून पापुद्रे धरले होते. मी सुनेला म्हटलं, "मालिनी, काढ त्या आणि राखेनं लख्ख घास." मालिनीनं उलथणं घेतलं आणि काठात घालून एकेक टोपी उचकटली. दाबून बसवलेल्या असतात, उलथण्याचं लगेच ऐकतात. घासून, धुऊन तिनं त्या पाटावर उपड्या घातल्या. मी मोजल्या. तीन.

"चौथी कुठाय?"

"तीनच होत्या, सासूबाई."

"चाकं किती?"

"चार."

"मग टोप्या किती?"

"तीन."

मालिनी इगतपुरीची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी, इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. इतकं शिकून माणसाला चारापर्यंत मोजता येत नाही, हे मी त्या दिवशी तिला ऐकवलं. दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "भिंतीकडच्या मागच्या चाकाला नव्हतीच. मी आत शिरले तेव्हा हात लावून पाहिलं." मी म्हटलं, "लाख रुपयांची मोटार करणारा साहेब काय एका टोपीला कंटाळला होता?"

मोटार भिंतीला खेटून उभी होती आणि त्या चाकापाशी जायला आडवं होऊन सरकावं लागे. टोपी तिथेच कुठेतरी घरंगळली असणार असं धरून मी गोठा उपसायला लावला. पेंढा काढला, गव्हाण हलवली, फरशीच्या खाचा काडीनं कोरल्या. दोन वर्षांपूर्वी हरवलेली पळी सापडली. त्या पळीपायी मी कुसाबाईला कामावरून घालवलं होतं, आणि ती जाताना रामाची शपथ घेत होती. पळी मी धुतली आणि फडताळात मागच्या बाजूला ठेवून दिली. टोपी सापडली नाही.

पळीवर माझं नाव आहे. आमच्या घरात नाव न घातलेलं एकही भांडं नाही. गेणू तांबटाकडून निघालेलं भांडं नाव घातल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. ठोका मारून बारीक ठिपक्यांनी तो असं नाव घालतो की भांडं झिजेल, नाव झिजणार नाही. कुणी आहेर दिला तर देणाऱ्याचं नाव, घरचं असलं तर घरचं. मी मालिनीला म्हटलं, "टोपीवर नाव नव्हतं, म्हणून गेली. कोणी उचललीन् ते मला ठाऊक आहे." आणि भिंतीकडे, म्हणजे भावजींच्या घराकडे पाहिलं.

"पण सासूबाई, नव्हतीच तर—"

"पुरे."

आता काय करायचं? तीन टोप्या आणि एक बोडकं चाक घेऊन मोटार परत द्यायची, की भावजी ओट्यावरून सरकारांना हाक मारून सांगणार, बघा, यांच्याकडे तुमचं चाकसुद्धा सांभाळलं जात नाही, वही कुठली सांभाळणार? आणि सरकार बरोबर म्हणणार. लेख भावजींच्या वहीत जाणार आणि माझ्या मुलाच्या हातून पिंपरखेड जाणार. बारा वर्षं मी ते एकटीनं धरून ठेवलं होतं, ते एका वाडग्याएवढ्या पत्र्यापायी!

ढुंढिराजाला मी आग्रा रोडला निसार मिस्त्रीकडे पाठवलं. मोटारी दुरुस्त करणारा त्या बाजूला तोच. मिस्त्रीनं निरोप धाडला, "माईंना सांगा, टोपी मुंबईहून मागवू, फिकीर करू नका. पण माप बरोबर पाहिजे. दर मोटारीचं माप निराळं. एवढीशी मोठी झाली तर रस्त्यात पडेल, एवढीशी लहान झाली तर बसणारच नाही. म्हणाल तर मी येऊन घेऊन जातो."

मिस्त्री येणार म्हणजे तेलकट डगला घालून भावजींच्या ओट्यासमोरून येणार. नको. उरलेल्या तिन्हींतली एक नमुना म्हणून पाठवायची, तर ती वाटेत हरवली की दोनच उरायच्या; त्या मी केव्हाच परत बसवून टाकल्या होत्या. माप आम्हीच घेऊ. त्यात काय, आम्ही काय कधी मापं घेतली नाहीत?

ढुंढिराज गोठ्यात शिरला आणि घटकाभरानं बाहेर आला. म्हणाला, "सहा अंगुळं आणि दोन यव."

होमकुंड मोजतात तसं त्यानं चाक मोजलं होतं. मधल्या बोटाचं मधलं पेर म्हणजे एक अंगुळ, आणि जवाचा दाणा म्हणजे यव. जव त्यानं कोठीतून नेले होते. मला वाटलं, माझा मुलगा सगळ्यात पुरा पडतो. माप घेऊन तो गेला, तर मिस्त्रीनं त्याला विचारलं, "गुरुजी, बोट कुणाचं?"

"शास्त्राप्रमाणे यजमानाचं."

"यजमान कुठेत?"

"गयेला."

"मग हे बोट कुणाचं?"

"माझं."

मिस्त्री भला माणूस. हसला नाही. ढुंढिराजाचं बोट त्यानं फुटपट्टीवर ठेवलं, भिंतीवर खडूनं हिशोब मांडला आणि मुंबईला लिहिलं. सहा दिवसांनी पार्सल आलं. टोपी सुंदर, चकचकीत. चाकावर धरली तर हात सोडला की खाली. ढुंढिराजानं चाकाचा काठही मापात धरला होता. कुंडाचं माप काठासकट घेतात म्हणे.

"होमकुंडाला टोपी घालायची असती तर बरोबर बसली असती," मालिनी म्हणाली. भाजी निवडता निवडता, खाली मान घालून.

मी ठरवलं, आता माप मीच घेणार. पातेल्याचं तोंड आणि झाकण यांची जोडी चाळीस वर्षं लावते आहे मी. अंधारात हात फिरवून सांगीन कुठलं कुणाचं. घरातली सगळी झाकणं पदराखाली घेऊन गोठ्यात गेले. तीन खेपा कराव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला भावजी म्हणाले, "वहिनी, मोटारीला जेवायला वाढताय का?"

"हो. पंगत बसली आहे. तुमच्या पानाला अवकाश आहे."

दुधाच्या पातेल्याचं झाकण बसलं! चाकाच्या तोंडावर असं बसलं की मला वाटलं त्याच्यासाठीच केलं होतं. ते फडक्यात बांधून मी ढुंढिराजाबरोबर मिस्त्रीकडे पाठवलं. तिसऱ्या प्रहरी झाकण परत. निरोप असा, "माई, झाकण वरून बसतं, टोपी आत शिरून धरते. मला तोंडाच्या आतलं माप पाहिजे. आणि आता मुंबईहून मागवायला वेळ नाही."

वेळ नव्हता हे खरंच. त्याच दिवशी प्रयागहून तार आली होती, रविवारी सकाळी पोचतो. तो दिवस शुक्रवार. मिस्त्रीनंच वाट सुचवली, आतलं माप बरोबर मिळालं तर नाशकातला तांबट पितळेची टोपी ठोकून देईल, फक्त ती बाकीच्यांसारखी पांढरी दिसली पाहिजे.

मी कणीक घट्ट भिजवली. मालिनीला म्हटलं, "आत शिर." तिनं आडवं होऊन कणकेचा उंडा चाकाच्या तोंडात दाबला आणि अलगद काढला. आतला काठ, खाच, सगळं कणकेत उमटलं. वाळून लहान होऊ नये म्हणून त्यावर ओलं फडकं घातलं आणि ताटात घेऊन मी स्वतः तांबट आळीला निघाले.

"वहिनी, पुरण कुठे निघालं?" भावजींनी विचारलं.

"तांबटाकडे. तुमच्याकडे पाठवलं की ताट परत येत नाही."

गेणू तांबटानं फडकं उचललं, कणीक पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "काकू, हे कशाचं झाकण?"

तोंड उघडलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या तांबट आळीला कळलं असतं आणि रात्रीपर्यंत भावजींना. म्हणून म्हटलं, "दुधाच्या पातेल्याचं समज. पण काठ असा आत वळलेला पाहिजे, या कणकेबरहुकूम. आणि बाहेरून कल्हई."

"बाहेरून?"

"बाहेरून."

"आतून करतात काकू. बाहेरून कल्हई मागणाऱ्या चाळीस वर्षांत तुम्हीच पहिल्या."

"कुणीतरी पहिलं असावंच लागतं. रविवारी सकाळी सूर्य उगवायच्या आत दे."

"दिलं समजा. तुमचं काम म्हणजे मला सांगावं लागत नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

रविवारी सूर्य उगवला, वर आला, ऊन ओट्यावर उतरलं, आणि टोपीचा पत्ता नाही. कल्हई निवते आहे असा निरोप. ढुंढिराजाला मी पळवलं. इकडे मालिनीनं ओट्यावर पाट मांडला. समोर वही, दौत, टाक आणि रांगोळी. वहीला मी आदल्या दिवशी नवं लाल फडकं शिवलं होतं. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी टांग्याची घंटा वाजली आणि टांग्याच्या पुढून ढुंढिराज धावत आला. सोवळं सुटत आलेलं, बगलेत गुंडाळी. मी ती ओढून घेतली, फडक्यासकट मालिनीच्या हातात दिली, ठोकायला बत्ता दिला आणि तिला गोठ्यात ढकललं.

ती आडवी होऊन आत शिरली. मी दार अडवून उभी. आतून फडकं सोडल्याचा आवाज आला, मग म्हणाली, "सासूबाई, यावर—"

"बोलू नकोस. बसव."

"अहो पण यावर तर—"

"टांगा दारात आलाय! बसव म्हणते ना!"

आतून बत्त्याचा एक ठोका आला. टक्. टोपी बसली. कणकेचं माप माझं होतं, बसणारच. मी पदर सारखा केला आणि सरकारांवरून भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाले.

सरकार गयेहून अंगानं उतरले होते, पण मन प्रसन्न होतं. दूध घेतलं, पाटावर बसले, टाक उचलला. बाळाजी भावजी आपल्या ओट्यावर उभे राहून अडकित्ता चालवत होते, पण सुपारी कातरली जात नव्हती. सरकारांनी "श्री" लिहिलं. मग टाक दौतीत ठेवून बुधाला म्हणाले, "मोटार तेवढी बाहेर काढून ठेव. लिहून झालं की रामकुंडावर जाऊन तसेच निघू."

बुधानं मोटार सुरू केली. घरघरत, मागे सरत ती गोठ्यातून बाहेर आली. दीड महिना भिंतीकडे असलेली बाजू पहिल्यांदा उन्हात आली. चारही टोप्या चमकत होत्या. मागच्या टोपीवर काठाशी काहीतरी नक्षी गरगरताना दिसली. मला वाटलं, गेणूनं हौसेनं फूल काढलं असेल. माझं वाचणं सावकाश, त्यात फिरती अक्षरं. मोटार भावजींच्या ओट्यापुढे जाऊन थांबली.

बुधा खाली उतरला, फडकं घेऊन मोटारीभोवती फिरला आणि मागच्या चाकापाशी उभा राहिला. मग मोठ्यानं ओरडला, "सरकार! ही चौथी टोपी कथाइन उनी? ती ते चांदवडना घाटमा पडी गयी व्हती!"

मला खानदेशी पुरती येत नाही. त्या दिवशी एक अक्षर कळायचं राहिलं नाही. चौथी टोपी नाशकाला आलीच नव्हती. ती चांदवडच्या घाटातच पडली होती.

माझ्या मागे उंबऱ्यात मालिनी उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला दोन शब्द सुनावता आले असते.

भावजी एव्हाना ओट्यावरून उतरून चाकापाशी वाकले होते. नाव नेमकं सुलटं येऊन थांबलं होतं. त्यांनी ते वाचलं, सप्ताहात पोथी वाचतात त्या आवाजात, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं. "चंद्रभागाबाई गर्गे, पंचवटी, नाशिक." मग सरळ झाले आणि म्हणाले, "वाहवा, वहिनी! सरकारांना मोटारीचा आहेर केलात वाटतं?"

गेणूचा यात काय दोष? दुधाच्या पातेल्याचं झाकण म्हणून मीच सांगितलं होतं. झाकण माझं, म्हणून नाव माझं. पण बोळात जमलेल्या बायाबापड्यांना एवढं कुठे ठाऊक? त्यांच्या लेखी भांड्यावर नाव असतं ते धन्याचं, नाहीतर देणाऱ्याचं. एक बाई दुसरीला म्हणाली सुद्धा, "बघ गं, उपाध्यांनी मोटार दिली." आम्ही यजमानाकडून दान घेणारे, आणि हा जहागीरदार उपाध्यांच्या घरची मोटार घेऊन गावोगाव हिंडणार, चाकावर बाईचं नाव गरगरवत!

सरकार उठून चाकापाशी आले. नाव त्यांनीही वाचलं. चेहऱ्यावरची प्रसन्नता गयेला परत गेली. "गुरुजी, हे काय आहे?"

ढुंढिराजानं तोंड उघडलं. त्यातून शास्त्रही निघेना.

वहीत नुसतं "श्री" वाळत होतं. भावजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सरकार, रागावू नका. वहिनी थकल्या आता. आमच्या सूनबाई नव्या, शिकलेल्या. त्यांच्याच हातून काही गफलत झाली असेल. पोरीनं तोडली असेल तुमची टोपी आणि घातली असेल ही."

मला वाट काढून दिली होती त्यांनी. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. सून म्हणजे अशा वेळी घरात असतेच. पण भावजींनी काढून दिलेल्या वाटेनं मी जन्मात कधी गेले नाही, आणि ते माझ्या सुनेला पोर म्हणत होते.

"तिच्या हातून काही झालं नाही," मी म्हटलं. "सरकार, दसऱ्याला मी तुमच्या मोटारीच्या टोप्या घासायला काढवल्या. तुम्ही जशी आहे तशी ठेवा म्हटलं होतंत, मी हात लावला. तीन निघाल्या. तीनच होत्या असं हिनं तिथल्या तिथे सांगितलं. मी म्हटलं, तुला मोजता येत नाही. मग हरवली समजून तुमच्यापासून लपवून ही करवली. माप मी घेतलं आणि नाव माझ्या तोंड मिटून ठेवण्यानं पडलं. आणि भावजी, तुम्ही चोरलीत असंही मी घरात सतरांदा म्हटलं. तेही आता ऐकून ठेवा."

भावजींच्या हातातला अडकित्ता मिटला.

"मालिनी, उलथणं आण," म्हणून मी वळले, तर ती ते घेऊनच उभी होती.

मी सरकारांसमोर, सगळ्या बोळासमोर वाकले आणि टोपी उचकटली. जरा जोर लावावा लागला. माप फार बरोबर होतं. चाक पुन्हा बोडकं झालं. मी म्हटलं, "जशी होती तशी. मोजून घ्या. तीन."

सरकारांनी बोट दाखवत टोप्या खरंच मोजल्या. मग त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं चक्कर आली, पण ते हसत होते. म्हणाले, "काकू, माझ्या वाड्यावर असलेल्या वस्तू नाहीशा होतात आणि कुणी चार दिवस विचारत नाही. तुमच्याकडे नसलेली वस्तू हरवली म्हणून दोन आठवडे शोध चालतो! अशा घरात माझा लेख हरवायचा नाही." आणि पाटावर बसून त्यांनी टाक उचलला.

मला फडताळातली पळी आठवली. ती मी तिथेच राहू दिली. सगळंच एका दिवसात सांगून टाकायचं म्हणजे माणसानं पुढे करायचं काय?

लेख ढुंढिराजाच्या नावानं पडला. घराणं, पिढ्या, वंशजांनी यांनाच मानावं, सगळं यथासांग. पण सरकारांच्या हाताला खोड्याही ठाऊक होत्या. शेवटी त्यांनी एक ओळ आपल्या मनानं घातली, "मोटार सांभाळावयास दिली तेव्हा चाकांच्या टोप्या तीन, परत घेतली तेव्हा तीन, मधल्या काळात चार." ती ओळ आता वहीत आहे. पिंपरखेडकरांचा पणतू येईल तेव्हा माझा पणतू त्याला ती वाचून दाखवील, आणि दोघं विचारतील, हे काय प्रकरण? म्हणून मी हे सगळं लिहून ठेवते आहे. भावजींच्या घरी ते निराळं सांगतात.

टोपी मी घरी आणली. म्हटलं, निदान दुधाच्या पातेल्याला होईल. नाही होत. काठ आत वळलेला, त्यामुळे ती पातेल्यावर बसत नाही, दुधात पडते. घरातलं एकूण एक भांडं मी लावून पाहिलं. एकावरही बसत नाही. तिच्या मापाची वस्तू जगात एकच, आणि ती पिंपरखेडला गेली.

दिवाळी झाल्यावर मी कुसाबाईला बोलावणं पाठवलं. भांडी फार वाढली आहेत, मालिनीला एकटीला उरकत नाहीत, असं कारण सांगितलं. ती आली. पहिल्याच दिवशी फडताळ आवरताना तिला मागच्या बाजूला पळी सापडली. तिनं ती पुढे आणून पाण्याच्या डोणीशेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राख कशात घेतेस? ही घे," आणि ती टोपी तिला दिली.

तेव्हापासून माझ्या नावाच्या टोपीतली राख घेऊन कुसाबाई भांडी घासते. घासून झाली की पालथी घालताना एकेक मोठ्यानं मोजते, आणि मालिनी स्वयंपाकघरातून आकड्याला हुंकार देते. मी ओट्यावर बसून ऐकत असते. किती झाली, हे मात्र मी विचारत नाही.